केराच्या टोपलीतला इतिहास

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "इतिहासावर काहीतरी लिहा" असं संपादक मंडळाने सुचवलं, तेव्हा साहजिकच आधी मेहकरचा इतिहास डोळ्यांपुढे आला. मेघंकर दैत्याची कथा, 'ऐने-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार म्हणून आलेलं आपल्या गावाचं नाव, कंचनीचा महाल, पैनगंगेकाठची जुनी धर्मशाळा आणि १८८८ साली जमिनीखाली सापडलेली शारंगधर बालाजीची भव्य मूर्ती. पण हे सगळं आपल्याकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे आणि त्यावर लिहिणारे माझ्यापेक्षा जाणकार लोक गावात आहेत. म्हणून मी जरा वेगळा विषय निवडला आहे. तो आहे कचरा! आपल्या घरातून रोज सकाळी घंटागाडीत जातं ते नेमकं काय असतं, किती असतं आणि ते कुणी, कसं मोजलं, याचा हा इतिहास.

विषय ऐकून नाक मुरडू नका. आपल्या सर्वसाधारण सभेत मोकळ्या जागेच्या कोपऱ्यात ओल्या कचऱ्याचे खड्डे करावेत की नाही, ही चर्चा किती वेळा झाली ते सगळ्यांना माहीत आहे. दर वेळी ती दोनच वाक्यांवर अडते. एक बाजू म्हणते "वास येईल", दुसरी म्हणते "खत होईल". दोन्ही बाजूंचं बोलणं अंदाजपंचे. कचऱ्याच्या बाबतीत अंदाजावर चालल्याने मोठमोठ्या शहरांचं काय झालं, हे इतिहासात नोंदलेलं आहे. ते वाचून मग सभेत बसावं, एवढाच या लेखाचा हेतू.

उकिरड्याचे दिवस

आधी आपल्याच जुन्या घरांपासून सुरुवात करू. पन्नास-साठ वर्षांपूर्वी मेहकरात किंवा आसपासच्या खेड्यांत घरातून काय बाहेर पडत होतं? चुलीतली राख, अंगण झाडून निघालेली माती, गोठ्यातलं शेण-मूत अन् वैरणीचं गवताड, भाजीचे देठ, आणि कधीमधी फुटकं मडकं. सरपण म्हणून पऱ्हाटी आणि तुराट्या, त्याच्या जोडीला गोवऱ्या, त्यामुळे राख रोजची. त्यातलीही बरीचशी भांडी घासायला जायची. उरलंसुरलं उकिरड्यावर. वर्षभर कुजलेला उकिरडा उन्हाळ्यात बैलगाडीने शेतात जायचा.

बाकी वस्तू उकिरड्यापर्यंत पोचतच नव्हत्या. फाटक्या लुगड्याची गोधडी, गोधडी विरली की पोतेरं. जुने कपडे बोहारणीला देऊन भांडं घ्यायचं. तांब्या-पितळेची मोड तांबटाकडे. काचेची बाटली रॉकेलसाठी, डबा धान्यासाठी. रद्दी किराणा दुकानात पुड्या बांधायला. काही टाकायला निघालं की घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं पालुपद ठरलेलं, "कायले फेकतं? ठेव, कामी येईन!" म्हणजे कचऱ्याचं वर्गीकरण हा काही कालचा सरकारी शोध नाही. ते घरोघरी होत होतं. फक्त त्याला कुणी वर्गीकरण म्हणत नव्हतं.

'बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात' ही म्हण आपल्याकडे आहे. ती निघाली, कारण उकिरडा ही कुजून सोनं होणारी गोष्ट होती. आजच्या ढिगाचे पांग बारा काय, बाराशे वर्षांनीही फिटतील का, हा प्रश्न आहे. फरक कशाने पडला? ढिगाच्या आकाराने थोडा पडला, पण ढिगात काय आहे याने जास्त पडला.

खड्ड्यांवरून कळलेली माणसं

कचरा चाळून माणूस ओळखायचा, ही कल्पना पहिल्यांदा वापरली ती पुरातत्त्ववाल्यांनी. आपल्या राज्यातलं ठळक उदाहरण म्हणजे पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठचं इनामगाव. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या पथकाने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती तिथे उजेडात आली. लिहिलेलं एक अक्षर नाही. पुरावा काय, तर घरांच्या जमिनी, चुली, खापरं, खड्ड्यांतली राख, जव-गहू-मसुराचे जळके दाणे आणि जनावरांची हाडं. एवढ्यावरून हे लोक काय पेरत होते, काय खात होते ते कळलं. शेवटच्या काळात शेती खालावून माणसं पशुपालन आणि शिकारीकडे कशी वळली, तेही ढवळीकरांनी मांडलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुटुंबाचा ताळेबंद त्यांच्या केरातून वाचला गेला.

हीच पद्धत जिवंत माणसांना लावली ती अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठाच्या विल्यम रॅथजे यांनी. त्यांनी १९७३ साली टूसान शहरात घरांचा कचरा विद्यार्थ्यांकडून उघडून, निवडून, तोलून नोंदवायला सुरुवात केली. दोन गोष्टी लक्षात आल्या. लोक मुलाखतीत बिअर किती पितो ते सांगत, त्यापेक्षा त्यांच्या टोपलीत निघालेले डबे-बाटल्या जास्त असत. दुसरी गोष्ट म्हणजे मांसाची टंचाई असतानाच ते जास्त वाया जात होतं, कारण लोकांनी घाबरून साठा केला आणि तो नासला. पुढे त्यांनी जुन्या कचराभूमी खणल्या, तर कित्येक वर्षं गाडलेली वर्तमानपत्रं सहज वाचता येत होती. खोल दाबलेल्या, हवा न लागणाऱ्या ढिगात कागदही लवकर कुजत नाही, हे त्यातून सिद्ध झालं.

माणूस सांगतो एक आणि टोपली सांगते दुसरंच. आपल्याकडे गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी रस्ता झाडणाऱ्याला विचारा, त्याच्या झाडूखाली कोणत्या पुड्या येतात!

डबा आला, रेल्वे आली

शहरं वाढली तसा उकिरडा दारात ठेवणं अशक्य झालं. पॅरिसचे प्रशासक यूजेन पुबेल यांनी १८८३ च्या अखेरीस हुकूम काढला की प्रत्येक घरमालकाने भाडेकरूंसाठी झाकणाचे डबे ठेवावेत. त्यातही वर्गवारी होती. कुजणारं वेगळं, कागद-चिंध्या वेगळ्या, काच, चिनीमाती आणि कालवांची शिंपलं वेगळी. लोकांनी खूप आरडाओरड केली. चिंध्या वेचणाऱ्यांना पोटावर पाय येईल अशी भीती वाटली. शेवटी फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्यालाच 'पुबेल' हे नाव पडलं. वर्गवारी मात्र मागे पडली आणि डबा तेवढा राहिला.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला आणि कचरा हा एकदम जिवाचा प्रश्न झाला. घाण शहराबाहेर काढा, एवढं एकच सूत्र. कुर्ला ते चेंबूर ही रेल्वेची फाटा-लाइन कचऱ्याच्या गाड्यांसाठी वापरली गेली, प्रवासी गाड्या तिच्यावर १९२४ पासून सुरू झाल्या. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली आणि मुंबईवर दिवसचे दिवस धूर पसरला, हे आपण टीव्हीवर पाहिलं. 'नजरेआड केलं की झालं' या सूत्राची ती नव्वद वर्षांनंतरची वसुली.

इंदूरचा खड्डा आणि आपली पऱ्हाटी

त्याच सुमारास होळकरांच्या इंदुरात वेगळं काम चाललं होतं. तिथल्या वनस्पती-उद्योग संस्थेत १९२४ पासून अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातल्या टाकाऊ पदार्थांचं खत करण्याची पद्धत बसवली. दोघांचं पुस्तक १९३१ साली निघालं आणि 'इंदूर पद्धत' जगभर गेली. वाड हे नाव मात्र आपल्याकडेही फारसं कुणाला ठाऊक नाही.

त्यांचं मर्म हे की खत करण्याआधी ढिगात काय आहे ते पाहा. नुसता हिरवा पाला टाकला तर सडतो आणि घाण सुटते. नुसती वाळकी काडी टाकली तर वर्षानुवर्षं तशीच पडून राहते. म्हणून पाला, शेण, मुताने भिजलेली माती आणि लाकडाची राख असे थर घालायचे, ओलावा सांभाळायचा आणि ढीग वेळोवेळी खालीवर करायचा. कापसाची पऱ्हाटी आणि तुराट्या टणक, लवकर कुजत नाहीत. त्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरायच्या, गाड्यांच्या चाकांखाली चुरा झाल्या की मग खड्ड्यात घालायच्या. आपल्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे सांगायला इंग्रज साहेब लागावा याची गंमत वाटते. पण साहेबाने ते मोजून लिहून ठेवलं, आणि आपण लिहिलं नाही.

वास का येतो, याचं उत्तरही इथेच आहे. ओलं जास्त, कोरडं कमी आणि हवा बंद झाली की वास येतो. खड्डा हा वासाचा गुन्हेगार नाही. त्यात घातलेलं मिश्रण चुकलेलं असतं.

नागपुरात मांडलेला हिशेब

आता मुख्य गोष्ट. भारतातल्या शहरांच्या कचऱ्यात काय असतं याचा पहिला मोठा, पद्धतशीर हिशेब आपल्या विदर्भातच झाला. नागपूरला १९५८ साली केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था सुरू झाली. १९७४ मध्ये तिचं नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था झालं. सगळे तिला 'नीरी' म्हणतात. तिथल्या शास्त्रज्ञांनी गावोगावचा कचरा अक्षरशः हातांनी निवडून तोलला. ए. डी. भिडे आणि बी. बी. सुंदरेशन यांचं या विषयावरचं १९८३ चं पुस्तक पुढे बरीच वर्षं अभियंत्यांच्या टेबलावर असायचं.

पद्धत ऐकण्यासारखी आहे, कारण ती कुणालाही जमेल अशी आहे. गाडीभर कचरा निवडणं शक्य नसतं, म्हणून नमुना घ्यायचा. वेगवेगळ्या ठिकाणचा दहा-दहा किलो कचरा गोळा करून साधारण शंभर किलोचा ढीग करायचा. तो नीट कालवायचा, पसरायचा आणि त्याचे भाकरीसारखे चार भाग करायचे. समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे. राहिले पन्नास किलो. पुन्हा कालवा, पुन्हा चार भाग. पंचवीस. पुन्हा एकदा. साडेबारा किलो. हा साडेबारा किलो मग हाताने निवडायचा. कागद इकडे, प्लास्टिक तिकडे, काच, धातू, चिंध्या, कुजणारं, आणि चाळणीखाली उरलेली राख-माती. प्रत्येक भाग तोलायचा. ओलावा काढायचा तर नमुना १०५ अंशांवर वाळवून पुन्हा तोलायचा. भारतीय मानक संस्थेने १९७९ मध्ये यासाठी मानकंही ठरवून दिली.

नमुना एकदाच घेऊन भागत नाही. मे महिन्यात आंब्याच्या कोयी, पावसाळ्यात चिखल आणि भिजका पाला, नवरात्रात निर्माल्य, दिवाळीच्या तोंडावर जुन्या सामानाचे ढीग आणि नंतर मिठाईचे खोके. एका दिवसाच्या टोपलीवरून वर्षाचा हिशेब मांडला तर तो चुकणारच.

या मोजणीतून जे आकडे निघाले ते मी खाली देतो. पहिला आकडा १९७१-७३ मधल्या ४० शहरांचा, दुसरा १९९५ मधल्या २३ शहरांचा. सगळे वजनाचे टक्के आहेत. दोन्ही वेळची शहरं सारखीच नव्हती, म्हणून दशांशापर्यंत ताणू नये, पण कल स्वच्छ दिसतो.

कुजणारा कचरा: ४१.२४ आणि ४१.८०
राख व बारीक माती: ४९.२० आणि ४०.३०
कागद: ४.१४ आणि ५.७८
चिंध्या: ३.८३ आणि ३.५०
प्लास्टिक: ०.६९ आणि ३.९०
धातू: ०.५० आणि १.९०
काच: ०.४० आणि २.१०

हे आकडे नीट पाहा, आपल्याच घरांची गोष्ट दिसेल. पहिल्या रकान्यात निम्मा कचरा राख आणि माती. म्हणजे चूल, शेगडी, मातीचं अंगण, कच्चे रस्ते. दुसऱ्या रकान्यात ती नऊ टक्क्यांनी उतरली. गॅसची शेगडी आली, अंगणात फरशी बसली. प्लास्टिक मात्र पावणेसहा पटीच्या घरात गेलं. दुधाची बाटली जाऊन पिशवी आली, शाम्पू-तेल पुडीत आलं, किराणा कागदाच्या पुडीतून कॅरीबॅगेत गेला. आणि कुजणारा भाग? बावीस-पंचवीस वर्षांत सगळं बदललं, पण तो एकेचाळीसचा एकेचाळीसच. माणूस जेवतो तेवढं देठ-साल निघणारच.

दोन बारकावे सांगायला हवेत. पहिला, हे वजनाचे टक्के आहेत. चार टक्के प्लास्टिक ऐकायला किरकोळ वाटतं. पण ते हलकं आणि फुगीर असल्याने नजरेला अर्धा ढीग त्याचाच दिसतो. नाली तुंबवायला आणि गायीच्या पोटात जायला वजन लागत नाही. दुसरा, नमुना गावाच्या कचऱ्यातून घेतलेला आहे. आपण विकलेली रद्दी, भंगारवाल्याला दिलेलं लोखंड त्यात येतच नाही. म्हणून कागद चार टक्के निघाला याचा अर्थ लोक वर्तमानपत्र वाचत नव्हते असा नाही. ते रद्दीत घालत होते.

पुढे २०१२ मध्ये कोलंबिया विद्यापीठात रणजित अन्नेपू यांनी देशभरातले आकडे एकत्र केले. तेव्हा कुजणारा भाग सुमारे ५१ टक्के, पुनर्वापराजोगा साडेसतरा आणि माती-राख वगैरे ३१ टक्क्यांच्या आसपास निघाली. एकोणपन्नासवरून चाळीस, चाळीसवरून एकतीस. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. तेव्हा हा उतार पुढेही चालू राहिला असेल, हे सांगायला शास्त्रज्ञ नको.

न तोलता केलेला खर्च

मोजणीची किंमत कळायची असेल तर दिल्लीच्या तिमारपूरची गोष्ट ऐका. तिथे १९८७ साली डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने कचरा जाळून वीज करण्याचा कारखाना उभारला. रोज ३०० टन कचरा आणि पावणेचार मेगावॉट वीज, असा बेत. खर्च सुमारे २० कोटी. यंत्राला किलोमागे १,४०० च्या वर किलोकॅलरी उष्णता देणारा कचरा हवा होता. दिल्लीच्या कचऱ्यात मिळत होत्या ६०० ते ७००. भाजीची सालं आणि माती कशी पेटणार? चाचणीचे २१ दिवस कसेबसे निघाले आणि यंत्र थंड झालं. युरोपातला कचरा कोरडा आणि कागदाचा, आपला ओला आणि मातीचा. हे नागपूरच्या तक्त्यात आधीच लिहिलेलं होतं.

खताच्या बाबतीतही तेच झालं. १९७५ ते १९८० या काळात केंद्र सरकारच्या मदतीने दहा शहरांत रोज १५० ते ३०० टन क्षमतेचे यांत्रिक खत कारखाने उभे राहिले. आपल्या कचऱ्यातलं कार्बन-नायट्रोजनाचं प्रमाण खताला चांगलं. मग अडलं कुठे? कचरा आला तो सगळा मिसळलेला. खतात काचेचे तुकडे, प्लास्टिकच्या चिंध्या, दगडगोटे. वर चालवण्याचा खर्च जास्त. शेतकरी असलं खत अनवाणी पायांच्या शेतात कशाला टाकील? बहुतेक कारखाने एकेक करून बंद पडले.

दोन्ही ठिकाणी यंत्र वाईट नव्हतं. एका ठिकाणी ढिगात काय आहे ते पाहिलं नाही, दुसऱ्या ठिकाणी पाहिलं पण वेगळं केलं नाही.

कागद, काच, पत्रा

शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून एका वर्गाला कचऱ्याची घटकवार माहिती होती. ती म्हणजे कचरा वेचणाऱ्या बाया. कोणतं प्लास्टिक कडक, कोणतं मऊ, कशाला भाव आहे, कशाला नाही, हे त्या नुसत्या हाताच्या स्पर्शाने सांगतात. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या कार्यकर्त्यांच्या प्रयत्नांनी या लोकांची संघटना झाली. तिचं नावच 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. नागपूरच्या तक्त्यातले रकाने आणि या पंचायतीचं नाव शेजारी ठेवून पाहा, सारखेच आहेत! पुढे २००८ मध्ये याच कष्टकऱ्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था पुणे महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करू लागली. आपलीही संस्था सहकारी, त्यांचीही सहकारी.

त्यांचं म्हणणं साधं होतं. आम्ही कचऱ्याच्या ढिगात हात घालतो, कारण तुम्ही घरात वेगळं करत नाही. काचेने हात कापतो तो आमचा. वापरलेले पॅड, डायपर, सुया उघड्या हाताने उचलायला लागतात त्या आम्हालाच. हे काम पिढ्यानपिढ्या ठरावीक जातींच्याच माथी मारलं गेलं, हाही आपल्या इतिहासाचा भाग आहे. तो लिहिताना गाळून चालणार नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावं झाडत फिरले. त्यांच्यावर हार घालायचे आणि झाडणाऱ्याला पाणी वेगळ्या पेल्यात द्यायचं, हे जमणारं नाही.

आपली सोसायटी आणि कचऱ्याचे नियम एकाच वयाचे

अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यातून सप्टेंबर २००० मध्ये देशातल्या शहरांच्या घनकचऱ्याचे पहिले नियम आले. आपली सोसायटीही त्याच सुमाराची. म्हणजे दोघांचा रौप्यमहोत्सव बरोबरच! २०१६ च्या नियमांनी घरातच तीन भाग करायला सांगितलं: ओला, सुका आणि घातक. ट्यूबलाइट, सेल, मुदत संपलेली औषधं हे घातक. पॅड-डायपर गुंडाळून वेगळे द्यायचे. पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बंदिस्त वसाहतींनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असंही त्यात आलं. राज्यात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी झाली, तर एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर जुलै २०२२ पासून देशभर.

लहान गावाला हे जमत नाही, असं म्हणणाऱ्यांनी सिंधुदुर्गातलं वेंगुर्ला पाहावं. नगरपरिषद आपल्यासारखीच लहान. तिथे घरोघर वर्गीकरण सुरू झालं आणि कचरा टाकायच्या जागेचं 'स्वच्छ भारत पर्यटन स्थळ' झालं. लोक तिथे सहलीला जातात!

आठ दिवस तोलून पाहू

आता आपल्या कोपऱ्याकडे येऊ. नीरीच्या १९९६ च्या अहवालात एक ते पाच लाख वस्तीच्या शहरांत माणशी दिवसाला सरासरी २१० ग्रॅम कचरा धरला आहे. मेहकर त्याहून लहान, आणि तेव्हापासून खरेदी वाढली आहे. तरी हिशेबापुरता तो आकडा घेऊ. समजा पन्नास घरं, घरात पाच माणसं. दिवसाला सुमारे साडेबावन्न किलो. त्यातला निम्मा ओला धरला तर सव्वीस किलो. महिन्याला पाऊण टनाच्या आसपास. घनमीटरला पाचशे किलो धरले तर दीड घनमीटर जागा, आणि कुजताना ढीग बसत जातो. दोन-तीन खड्डे आळीपाळीने वापरले तरी ओपन स्पेसचा एक कोपरा पुरतो. मुलांच्या क्रिकेटला धक्का नाही.

पण हाही शेवटी कागदावरचाच हिशेब, आणि अंदाजावर चालू नये असं वर मीच लिहिलं आहे. म्हणून माझी सूचना अशी. खड्ड्यांचा ठराव टाकण्याआधी आठ दिवस प्रत्येक घराने कचरा चार भागांत द्यावा: ओला, कागद-काच-पत्रा-प्लास्टिक, राख-माती आणि घातक. एक साधा काटा आणावा आणि रोज सकाळी वजन करून वहीत लिहावं. हे एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसाळ्यात आणि एकदा दिवाळीनंतर करावं. वजन करायला आपल्यापैकीच दोन-दोन घरांनी पाळी घ्यावी, हातमोजे घालून. झाडणाऱ्या बाईवर हे काम ढकलायचं नाही. नववी-दहावीतल्या पोरांना घेतलं तर त्यांचा शाळेचा प्रकल्पही होईल, आणि आलेख काढायचं काम ते आपल्यापेक्षा बरं करतील.

त्या वहीतून दोन गोष्टी कळतील. ओला कचरा खरोखर किती आहे, म्हणजे खड्डा केवढा लागेल. आणि कोरडा पाला त्यात मिसळायला पुरेसा आहे की नाही, म्हणजे वास येईल की नाही. झाडांचा पाला आपण सध्या जाळतो. तोच खड्ड्याला हवा आहे. कदाचित आकडे असे येतील की खड्डे करण्यात अर्थ नाही, ओला कचरा वेगळा करून गाडीत देणंच बरं. तसं निघालं तर तेही मान्य करू. पण ते तोलून ठरलेलं असेल.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे प्लॉट मोजून घेतले, नकाशा करून घेतला, विहिरीचं पाणी तपासून घेतलं. भिंती बांधताना सिमेंट-वाळूचं प्रमाण काय, हे गवंड्याला शंभरदा विचारलं. घराबाहेर काय जातं ते मात्र कधी मोजलं नाही. आपल्या दारातून निघालेलं सगळं शेवटी याच मातीत किंवा उतारावरून पैनगंगेत जातं. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत जो कुणी इतिहास लिहील, त्याच्या हाती निदान आपली एक वही असावी. पहिल्या पानावर तारीख आणि वजन. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय पत्रिकेवर घ्यावा, ही कार्यकारिणीला विनंती. काटा आणायची जबाबदारी माझी.